पहिले पॉलिशिंग मशीन निवडताना

काळी किंवा गडद निळी, चार-पाच वर्षे वापरलेली गाडी भर उन्हात उभी करा आणि बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पडते तिथे निरखून पाहा. प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची गोल वलये दिसतील. प्रत्यक्षात त्या रेघा सगळ्या दिशांनी गेलेल्या असतात, पण उजेडाला आडव्या असलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. डिटेलिंगवाले त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. आपल्याकडे त्यांचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी फिरणारे फडके. एकाच बादलीतल्या पाण्यात दहा गाड्यांचे फडके पिळले जाते, काही ठिकाणी तर कोरड्यानेच धूळ पुसली जाते. धुळीत वाळूचे कण असतात आणि फडके ते रंगावरून फरफटत नेते.

हे स्वर्ल घालवायचे तर मशीन लागते. या कामात नव्याने उतरणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की मशीन कोणते घेऊ. दुकानदार बहुतेक वेळा वॅट सांगतो: हे ९०० वॅटचे, ते १४०० वॅटचे, पैसे जास्त द्याल तर ताकद जास्त. हे उत्तर शिकाऊ माणसाला चुकीच्या वाटेला लावते असे मला ठामपणे वाटते. वॅट हा नंतर पाहायचा आकडा आहे. आधी पाहायची ती पॅडची चाल: तो जागच्या जागी गरगर फिरतो, की फिरता फिरता डुलतो, आणि डुलतो तर किती.

आपण नेमके काय झिजवतो

पॉलिशने रेघ भरून निघत नाही. रेघेच्या आजूबाजूचा थर इतका झिजवायचा असतो की रेघेचा खळगा उथळ होत होत नाहीसा व्हावा. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. गॅरेजमधले पेंटर त्याला लॅकर म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारण ९० ते १३० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाइतकी. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्याला हात लावायची परवानगी फक्त या थरालाच आहे, तीही अर्धीमुर्धी.

मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने एखाद-दोन मायक्रॉन जातात. कडक कंपाउंड आणि लोकरी पॅडने तीन-चार किंवा त्याहूनही जास्त. गाडीच्या सगळ्या आयुष्यात असे जोरकस काम दोन-तीनदा झाले तर निभावते, दर सहा महिन्यांनी झाले तर निभावत नाही. क्लिअर कोट खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण करतो. तो फार पातळ झाला की काही वर्षांत छतावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटू लागतात आणि मग पुन्हा रंगकाम करण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणून शिकणाऱ्याच्या हातात असे मशीन हवे की चूक झाली तरी ती मायक्रॉनच्या एखाद्या अपूर्णांकात आटोपावी.

तीन चाली

पहिली चाल रोटरीची. आपल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत ज्याला नुसते बफिंग मशीन म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असते. मोटर गिअरमधून एक दांडा फिरवते आणि दांड्यावरचा पॅड त्याच एका आसाभोवती फिरतो. वेग साधारण मिनिटाला ६०० ते ३००० फेरे. बॉशची आणि मकिताची १८० मिमी प्लेटची रोटरी मशीने बाजारात वर्षानुवर्षे आहेत आणि गॅरेजच्या कामाला ती उत्तम आहेत.

दुसरी चाल ड्युअल अ‍ॅक्शनची, म्हणजे डीएची. इथे मोटरचा दांडा पॅडच्या बरोबर मध्याला जोडलेला नसतो, तो थोडा बाजूला असतो. त्यामुळे पॅड झपाट्याने छोट्या वर्तुळात डुलतो. शिवाय मधल्या बेअरिंगमुळे तो स्वतःभोवतीही फिरतो, पण ते फिरणे मोकळे असते. मोटर त्याला गिअरने ढकलत नाही. तुम्ही जास्त दाबले किंवा मशीन कडेवर कलंडले की स्वतःभोवतीचे फिरणे थांबते आणि नुसते डुलणे चालू राहते. कापण्याची ताकद लगेच उतरते. कामाच्या दृष्टीने ही कमतरता असली तरी नवख्यासाठी हेच या मशीनचे सगळ्यात मोठे मोल आहे.

तिसरी चाल या दोहोंच्या मधली. डुलणे असतेच, पण स्वतःभोवतीचे फिरणेही गिअरने सक्तीचे केलेले असते. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचे एक्ससी ३४०१ हे या जातीचे सर्वांत परिचित मशीन. दाबले तरी पॅड थांबत नाही, म्हणून वळणदार भागावरही ते एकसारखे कापते. पण ते हाताला ओढ देते आणि पॅडही जास्त तापवते. रोटरी आणि डीए दोन्ही हाताळलेल्या माणसाला ते फार आवडते. पहिल्या मशीनसाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

आता थोडे गणित करू, कारण त्याने डोक्यातला गोंधळ जितका निवळतो तितका दुसऱ्या कशानेही निवळत नाही. रोटरीवर १५० मिमीचा पॅड मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालवला, तर पॅडच्या कडेचा बिंदू एका मिनिटात सुमारे ७०७ मीटर अंतर रंगावरून घासत जातो. त्याच पॅडचा मध्यबिंदू मात्र जागचा हलतही नाही. म्हणजे एकाच पॅडखाली मध्यावर शून्य आणि कडेला सातशे मीटर. डीएवर हिशेब वेगळा आहे. डुलण्याच्या वर्तुळाचा व्यास ८ मिमी आणि मिनिटाला ४८०० डुलण्या धरल्या, तर पॅडवरचा प्रत्येक बिंदू, मध्यावरचा काय आणि कडेचा काय, मिनिटाला साधारण १२० मीटर घासला जातो. व्यास १५ मिमी असेल तर २२६ मीटर. यात पॅडच्या संथ फिरण्याची थोडी भर पडते, पण मूळ चित्र हेच.

रोटरीचे गुणदोष या आकड्यांतून आपोआप उलगडतात. कडेला घर्षण प्रचंड, म्हणून ती झटपट कापते आणि झटपट तापवतेही. दरवाज्याच्या मधोमध जाणारी उठावाची रेघ, मडगार्डची कड, बॉनेटचा काठ अशा ठिकाणी रंगाचा थर मुळातच पातळ बसलेला असतो, आणि मशीन जरा तिरके झाले की पॅडची तीच सातशे मीटरवाली कड नेमकी तिथे टेकते. दोन-तीन सेकंदांत खालचा प्रायमर दिसू लागतो. शिवाय रोटरी सगळे ओरखडे एकाच दिशेने सोडते. ते उन्हात सरकत्या सावलीसारखे चमकतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. गॅरेजमधून गाडी आली तेव्हा काचेसारखी दिसत होती आणि चार धुलाईंनंतर छटा उमटल्या, ही तक्रार पुष्कळ जण करतात. त्यामागचे कारण बहुधा हेच असते. कंपाउंडमधल्या तेलाने होलोग्राम तात्पुरते झाकलेले असतात आणि तेल धुऊन गेले की ते उघडे पडतात. डीएच्या चालीत प्रत्येक कण सतत दिशा बदलत राहतो, म्हणून अशी दिशेची खूण सहसा उमटत नाही.

यावरून रोटरी वाईट असे कोणी समजू नये. पेंट बूथमध्ये नव्या लॅकरवर २००० नंबरचा पाण्याचा कागद मारल्यावर राहिलेल्या खुणा काढायच्या असतील तर रोटरी आणि लोकरी पॅड यांना आजही तोड नाही. पण ते काम आणि घरच्या वा गिऱ्हाइकाच्या गाडीवरचे स्वर्ल काढणे ही दोन वेगळी कामे आहेत.

डुलण्याचा व्यास, अर्थात थ्रो

डीए घ्यायचे ठरले की पुढचा प्रश्न थ्रोचा. डुलण्याच्या वर्तुळाच्या व्यासाला थ्रो म्हणतात आणि बाजारात ८, १२, १५ आणि २१ मिमी असे आकडे दिसतात. पोर्टर-केबलच्या अमेरिकी मशीनने ८ मिमी घरोघरी नेले. पुढे मिलानजवळच्या रूपेस कंपनीने १५ आणि २१ मिमीची मशीने आणून मोठ्या थ्रोचा काळ सुरू केला. थ्रो वाढला की एका डुलण्यात जास्त रंग घासला जातो, काम लवकर होते आणि सफाईही छान येते.

मग सरळ सगळ्यात मोठाच थ्रो घ्यावा असे वाटेल. इथे गाडी कोणती आहे ते पाहावे लागते. मोठ्या थ्रोच्या मशीनला पॅडही मोठा लागतो आणि मोठा पॅड सपाट पृष्ठभागावर सगळ्या अंगाने टेकला तरच मोकळा फिरतो. वळणावर त्याचा एक भाग टेकतो, एक हवेत राहतो, आणि त्याचे स्वतःभोवतीचे फिरणे थांबते. आपल्या रस्त्यांवरच्या गाड्या बघा. स्विफ्ट, वॅगन आर, आय टेन, टियागो: छोटे दरवाजे, त्यांवर दोन-दोन उठावाच्या रेघा, आखूड बॉनेट, बंपरला चहूबाजूंनी वळणे. पॅडचे फिरणे थांबू न देता २१ मिमीचा थ्रो चालवायला जी मोकळी सपाट जागा लागते ती इथे फार थोडी. स्कॉर्पिओचे किंवा फॉर्च्युनरचे बॉनेट असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून माझे मत असे आहे की महाराष्ट्रात हॅचबॅक आणि छोट्या सेडान गाड्यांवर हात बसवणाऱ्याने ८ ते १२ मिमी थ्रोचे, पाच इंची प्लेटचे मशीन घ्यावे. तुमच्या भागात मोठ्या एसयूव्ही जास्त असतील तर १५ मिमीपर्यंत जायला हरकत नाही. २१ मिमीचे मशीन धंदा बसल्यावर घ्या.

प्लेट, आटे आणि आतले वजन

पॅड मशीनला वेल्क्रोने चिकटतो आणि वेल्क्रो ज्या चकतीवर असतो ती बॅकिंग प्लेट. पाच इंची, म्हणजे १२५ मिमीच्या प्लेटवर साडेपाच ते सहा इंची पॅड बसतो. पॅड प्लेटपेक्षा सगळीकडून थोडा मोठा असावाच लागतो, नाहीतर प्लेटची कडक किनार एखाद्या कोपऱ्यात रंगाला लागते आणि तो ओरखडा कुठल्याच पॉलिशने जात नाही.

डीएच्या पोटात एक प्रतिवजन असते. डुलणाऱ्या प्लेटचा आणि पॅडचा तोल सांभाळण्यासाठी ते ठरावीक आकाराच्या प्लेटला अनुसरून बसवलेले असते. मशीनला सहा इंची प्लेट असताना कुणीतरी स्वस्तात मिळाली म्हणून वेगळीच प्लेट लावतो आणि मग मशीन हाताला झिणझिण्या आणते. दोष मशीनचा नसतो, तोल बिघडलेला असतो. एकाच मशीनवर पाच आणि तीन इंची दोन्ही प्लेट चालवायच्या असतील तर त्या कंपनीने दोन्ही प्लेट त्या मॉडेलसाठी दिल्या आहेत का, हे आधी विचारा.

आटेही जुळायला हवेत. आपल्याकडच्या रोटरी मशीनचा दांडा बहुधा एम १४ आट्याचा असतो, तर मोकळ्या डीएची प्लेट वेगळ्या बारीक आट्याने किंवा मधल्या स्क्रूने बसते. एकाची प्लेट दुसऱ्याला लागत नाही. प्लेट ही झिजणारी वस्तू आहे, उष्णतेने तिचे वेल्क्रोचे आकडे वितळून बोथट होतात. तिची बदली तुमच्या गावात किंवा निदान जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते का, हा मशीनच्या रंगरूपापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे. मोटरच्या कार्बन ब्रशचेही तसेच.

वीज

आता वॅटकडे येऊ. ७०० ते ९०० वॅटचे डीए एका माणसाच्या कामाला पुरेसे असते. वॅट म्हणजे मशीन किती वीज ओढते त्याचा आकडा. ती सगळी पॅडपर्यंत पोचते असे नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दाब पडल्यावर वेग राखणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. ते नसेल तर पॅड टेकवताच वेग बसतो, उचलताच भणाणतो. वेगाची चकती १ ते ६ अशी असावी आणि प्रत्येक आकड्याला वेगात खरोखर फरक पडावा. खटका दाबल्यावर मशीन हळूहळू वेग घेणारे हवे. ही सोय नसली की पहिल्या झटक्याला कंपाउंडचे शिंतोडे काचेवर, भिंतीवर आणि तुमच्या शर्टवर उडतात.

९०० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर सुमारे चार अँपिअर ओढते. पार्किंगमधल्या प्लगपासून गाडीपर्यंत लांबलचक बारीक वायर ताणली तर ती तापते आणि मशीनला व्होल्टेज कमी मिळते. तीन तारांची, निदान १.५ चौरस मिमीची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा. गाडी नुकतीच धुतलेली असते, फरशी ओली असते, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावलेल्या प्लगवरच काम करा. यात कंजुषी नको.

परदेशातल्या नातेवाइकांकडून मशीन मागवणाऱ्यांना एक खास सूचना. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते. तिथून भाचा हौसेने मशीन घेऊन आला आणि ते इथल्या प्लगला लावले, तर काही क्षणांत मोटर जळते. वापरायचेच तर मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जड असतो आणि गाडीभोवती त्याचीही ओढाताण करावी लागते. दुबई किंवा इंग्लंडहून आणलेले मशीन मात्र नुसता प्लग बदलून चालते, कारण तिथे वीज आपल्यासारखीच आहे.

भारनियमन असलेल्या भागात बॅटरीच्या मशीनचा मोह होतो. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॅट-तास साठतात. मशीन सरासरी ३०० वॅट खात असेल तर एक बॅटरी अठरा मिनिटे चालेल. छोट्या गाडीचे बॉनेटच चार-पाच तुकड्यांत करावे लागते, त्यामुळे पूर्ण गाडीला बॅटऱ्यांचा ताफा आणि दोन चार्जर हवेत. तारेचे मशीन आधी घ्या. बॅटरीवाले शेवटचा हात फिरवायला आणि वॅक्स लावायला छान, पण ते पुढची सोय म्हणून.

जे मशीन पॉलिशसाठी नाहीच

अँगल ग्राइंडरला स्पंज लावून विकतात, ते घेऊ नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. त्यावर १५० मिमीचा पॅड लावला तर कडेचा वेग सेकंदाला ८६ मीटर होतो. रंग जळेल, पॅड फाटेल, आणि तो तुटून उडाला तर समोरच्या माणसाला इजा होईल. ड्रिलला बसणारे पॅडही मी घेऊ देणार नाही, त्यांना ना दोन हातांची पकड ना आसाची स्थिरता. आणखी एक प्रकार म्हणजे मोठा कापडी टोप चढवलेले नऊ-दहा इंची हलके बफर. ते वॅक्स पसरायला आणि पुसायला आहेत. त्यांनी स्वर्ल निघत नाहीत, कितीही वेळ फिरवले तरी.

दुकानात हातात घेताना

मशीन खोक्यातून बाहेर काढायला सांगा आणि दोन्ही हातांनी उभ्या दरवाज्यावर धरल्यासारखे धरा. वजन दोन ते तीन किलो असते. आडव्या बॉनेटवर ते जाणवत नाही, पण दरवाजे आणि बंपर करताना तेच वजन हवेत पेलावे लागते. पुढची पकड कुठे आहे, बोट सहज खटक्यावर पोचते का, वायर किती लांब आहे, ते पाहा.

मग चालू करून दोन-तीन मिनिटे चालू ठेवा. आवाज एकसुरी हवा. खडखड असेल तर बेअरिंग किंवा गिअर कच्चा आहे. कंपनाचा आकडा माहितीपुस्तिकेत मीटर प्रति वर्ग सेकंद असा दिलेला असतो. युरोपात कामगाराच्या हातांसाठी दिवसाच्या आठ तासांना सरासरी २.५ ही काळजी घ्यायला सुरुवात करण्याची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा ठरवलेली आहे. आपल्याकडे कोणी मोजायला येत नाही, पण बोटे आपलीच आहेत. तळहाताला मुंग्या येत असतील तर ते मशीन रोजच्या कामाचे नव्हे. पुस्तिकेत आकडाच नसेल तर मी ते मशीन बाजूला ठेवीन.

पॅड, आणि पहिला हात

पैशांची वाटणी करताना निम्मे मशीनला आणि निम्मे बाकीच्या साहित्याला ठेवा. नवखे लोक सगळे मशीनवर घालवतात आणि दोन पॅडवर गाडी काढायला बघतात. पॅडमध्ये झिजलेला रंग आणि वाळलेले कंपाउंड साचते, तो तापतो, मऊ पडतो आणि कापेनासा होतो. कापणारे चार, सफाईचे तीन, शेवटच्या चमकेसाठी दोन असे पॅड असावेत, आणि प्रत्येक तुकडा झाला की पॅड ब्रशने झाडावा. पॅडच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. एका कंपनीचा नारिंगी कडक असतो, दुसऱ्याचा नारिंगी मध्यम. पाकिटावर काय लिहिले आहे तेच वाचा.

सोबत लागते ते असे: रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारा क्ले बार, मास्किंग टेप, चांगले मायक्रोफायबर कापड, पांढऱ्या उजेडाचा एलईडी टॉर्च, पातळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल. जमले तर रंगाची जाडी मोजणारे गेजही घ्या, आणि ते लोखंडी व ॲल्युमिनियम दोन्ही पत्र्यांवर चालते का ते पाहून घ्या. प्लॅस्टिक बंपरवर साधे गेज चालत नाही. पत्र्यावर २०० मायक्रॉनच्या वर आकडा आला तर तिथे पुन्हा रंग झालेला असण्याची शक्यता मोठी, ३०० च्या पुढे असेल तर खाली पुट्टी असू शकते. ८० च्या खाली आला तर सौम्य पॉलिशवरच थांबा.

मशीन घरी आले की थेट गाडीला लावू नका. भंगारवाल्याकडून एखादे जुने, गडद रंगाचे बॉनेट आणा. प्लेटच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ ओढा. चालू असताना ती फिरताना दिसली म्हणजे पॅड फिरतो आहे, थरथरत जागीच दिसली म्हणजे नुसता डुलतो आहे. सगळे वळण, सगळा कोन आणि दाब त्या एका रेघेवरून शिकता येतो. दाबाचा अंदाज यावा म्हणून घरातल्या वजनकाट्यावर, मशीन बंद ठेवून, पॅड टेकवा आणि मशीनच्या वजनासकट काटा पाच-सहा किलो दाखवेपर्यंत दाबा. हात तो भार लक्षात ठेवतो.

मग दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन घ्या. पॅडवर वाटाण्याएवढे पॉलिशचे चार ठिपके टाका, आधी वेग १ वर ठेवून ते पसरवा, नंतर ४ किंवा ५ वर काम करा. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, बस्स, इतका सावकाश चालवायचा. घाई हीच सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. एकदा आडवे, एकदा उभे, असे चार ते सहा हात झाले की पुसा, अल्कोहोलने तेल काढा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. तेल न काढता पाहिलेले काम फसवते.

नेहमी सगळ्यात सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिशपासून सुरुवात करा. त्याने ऐंशी टक्के रेघा गेल्या तर तिथेच थांबणे शहाणपणाचे. नखाला लागणारा खोल ओरखडा पॉलिशने काढायच्या भानगडीत पडू नका. तो नाहीसा होईपर्यंत क्लिअर कोट संपलेला असेल.

उन्हात काम अजिबात नको. विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा पॉलिश अर्ध्या मिनिटात सुकून पीठ होते. तिथे सकाळी लवकर किंवा रात्री काम करा आणि तुकडा छोटा घ्या. कोकणात पावसाळ्यात उलट होते, पॉलिश ओलेच राहते, पुसताना चिकटते. तिथे माल कमी घ्या आणि हात थोडा जास्त वेळ फिरवा. पॅनेलवर तळहात आरामात टेकवता येईल इतपतच ते गरम होऊ द्यावे. प्लॅस्टिकचे बंपर उष्णता पसरवत नाहीत, ती एकाच जागी साठते, म्हणून तिथे वेग एक आकड्याने कमी ठेवा. उठावाच्या रेघांवर आणि रबरी पट्ट्यांवर टेप लावायला विसरू नका.

दुसरे मशीन

पहिल्या डीएवर हात बसला की बहुतेकांना रोटरी घ्यावीशी वाटते. त्याआधी तीन इंची प्लेटचे छोटे डीए घ्या. बंपरचे कोपरे, खिडक्यांमधले खांब, आरसे, दरवाज्याच्या मुठीखालची वाटी, या सगळ्या जागांवर मोठे मशीन पोचत नाही आणि गिऱ्हाइकाची नजर नेमकी तिथेच जाते. शिवाय महाराष्ट्रात दुचाकी अफाट आहेत. बुलेटची टाकी किंवा अ‍ॅक्टिव्हाचे पॅनेल चकाचक करून देणारा माणूस गावात सापडत नाही, आणि ते काम तीन इंची मशीनवरच होते. नवख्याला पहिली मिळकत बहुधा त्यातूनच होईल. रोटरी तिसरी, आणि तीही एखाद्या अनुभवी पेंटरच्या शेजारी उभे राहून भंगारातल्या पत्र्यावर शिकल्यानंतर.